न आलेल्या वादळांची वही

रोज दुपारी दोनच्या ठोक्याला गयाआत्या एक रुमाल धुवायची, एकदाच करकचून पिळायची आणि अंगणातल्या तारेवर टाकून त्याच्यासमोर बसून राहायची. तो वाळेपर्यंत. रुमाल मांजरपाटाचा, हातभर लांब आणि हातभर रुंद. विरला की त्याच मापाचा, त्याच कापडाचा दुसरा यायचा. मांडीवर शाळेतलं जुनं गजराचं घड्याळ असायचं. मधूनमधून उठून ती रुमालाचे कोपरे चिमटीत धरून बघायची आणि कुणी विचारलंच, "आत्या, हे काय चाललंय?" तर मान न वळवता सांगायची, "हवेला इचारतीया, पोट भरलंय का म्हनून."

उपाशी हवा रुमालातलं पाणी अर्ध्या तासात पिऊन टाकते आणि पोट भरलेली हवा त्याला तोंडही लावत नाही, असं तिचं म्हणणं. मी कृषी पदवीच्या परीक्षेत हवेतल्या आर्द्रतेवर चार मार्कांचं उत्तर लिहून पास झालो होतो. ती आर्द्रता म्हणजे काय हे मला तिच्या अंगणात बसल्यावर समजलं.

कृषी सहायक म्हणून मी पारनेरच्या माळावरच्या त्या गावात रुजू झालो आणि आठवड्याच्या आत गारपीट झाली. पंचनाम्याचे कागद घेऊन मी झोडपलेल्या कांद्यातून हिंडत होतो. कांद्याची पात अशी आडवी पडली होती की जणू कुणी रात्रभर तिच्यावर जनावरं फिरवली असावीत. मी 'अचानक झालेल्या गारपिटीमुळे' असं लिहिलं आणि शेतकऱ्याला वाचून दाखवलं. तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "ते 'अचानक' खोडा, सायेब."

वर पाहिलं तर एक उंच, काटक बाई उभी होती. साठी ओलांडलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट आवळलेला, गळ्यात मंगळसूत्राच्या जागी सुतळीत ओवलेली शाळेची किल्ली. ती शाळेत खिचडी शिजवायची आणि शाळा उघडायची-लावायची.

"तीन दिस झाले घरोघर सांगत हुते," ती म्हणाली. "गावाला अचानक आली आसंल. मला न्हाई."

पुरावा मागितला तर ती मला सरळ घरी घेऊन गेली. एका पत्र्याच्या पेटीतून तिने दोन जाडजूड वह्या काढल्या. पहिलीत एका पानावर एक वादळ. चौथी शिकलेल्या हाताचं मोठं, गोल अक्षर, आणि प्रत्येक पानाला तेच रकाने: ऊन किती, रुमाल किती वेळात वाळला, खाली वारं कुठून, वर ढग कुठून, ढगाचा माथा कसा, वीज कुठे पडली. शेवटचा रकाना होता, 'मी कुठे होते'.

"हा शेवटचा कशाला?" मी विचारलं.

बाहेर उरलंसुरलं आभाळ गुरगुरत होतं. ती म्हणाली, "मी पायाळू हाय ना."

पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं मूल. अशा माणसावर वीज पडते, ती शेजाऱ्यालाही घेऊन जाते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला विज्ञानाची पदवी होती. ढगात विजेचा भार कसा साठतो ते मी आकृतीसह सांगू शकलो असतो. आणि तरीही माझा पाय आपोआप मागे सरकला, फार नाही, अर्धं पाऊल. मला अजूनही त्या अर्ध्या पावलाची लाज वाटते.

तिने ते बरोबर टिपलं आणि मोठ्याने हसली. "अडानी मानूस पुरं पाऊल मागं घेतो, शिकल्याला अर्धं. तुमच्या साळेनं अर्ध्या पावलाचं काम केलं म्हना की!"

त्या दिवसापासून माझं तिच्याकडे जाणं-येणं सुरू झालं. वर्षभर मी 'सायेब' होतो, नंतर 'बाबा' झालो, आणि रागावली की 'ए पदवी' अशी हाक यायची.

तिची गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, तीही लसूण सोलता सोलता. दहा वर्षांची असताना ती आणि धाकटा भाऊ दत्तू खळ्यावर भाकरी घेऊन गेले होते. आभाळ फिरलं. दोघं माळावरच्या एकट्या कडुलिंबाखाली उभे राहिले. भाकरीची पाटी उघड्यावर राहिली म्हणून ती आणायला गया धावली आणि मागे वीज पडली. दत्तू गेला. लिंबाचं नाव जळका लिंब.

"आय लई रडली," आत्या म्हणाली. "आन् रडता रडता म्हनली, तू हुतीस म्हनून पडली. माझ्या आयचा राग न्हाई मला. पोरगं गेल्यालं, कुनाला तरी धरायचं हुतंच. देवाला धरता येत न्हाई, मंग पोरीला धरलं."

पण त्यानंतर आभाळ गडगडलं की तिला घराबाहेर काढायचे. अगदीच माळावर नाही, मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर. देव सांभाळेल म्हणून. घराघरांतून दारं लागायची, वीज घरावर येऊ नये म्हणून बाया उंबऱ्याबाहेर पहार टाकायच्या, आणि ही पोर एकटी ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन आभाळ बघत बसायची. पुढे लग्न झालं. पहिल्याच वळवात सासूला कुणीतरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी नवरा तिला एस.टी.त बसवून माहेरी सोडून गेला, तो परत आला नाही.

"मंग इचार केला," ती म्हणाली, "ह्या गावात वादळ समद्यांनी ऐकलंय, बघितलंय मी एकलीनंच. तुमी दारं लावून आत, मी ओसरीवर. मला बाहेर काडून तुमी मला आभाळ दिलं की रं."

एवढं बोलून तिने सोललेला लसूण माझ्यापुढे सारला आणि कुटायला सांगितलं.

आता गंमत अशी, की आपल्याकडे पायाळू माणसाच्या पायाला औषधी गुणही असतो. पाठीत उसण भरली की पायाळूची लाथ लागते. म्हणजे ज्या आत्याला पावसात कुणी छपराखाली घेत नव्हतं, तिच्याच दारात सकाळी कमरेत वाकलेले म्हातारे रांग लावायचे. ती त्यांना ओट्यावर पालथं झोपवायची आणि पाय उचलून तसाच अधांतरी धरायची.

"आदी वादळ सांग," ती म्हणायची.

"आगं गये, मरतोय मी!"

"मर, पर सांगून मर. तुज्या लग्नाच्या साली मांडव उडाला हुता. आदल्या दिशी काय हुतं? घाम वाळत हुता का चिकटत हुता? वारं कुनीकडनं?"

म्हातारा कण्हत कण्हत सांगायचा. मांडवाचे डांब कुठल्या अंगाला पडले, धूळ आधी आली की पाऊस, गारा बोराएवढ्या की लिंबाएवढ्या, वीज कुठे पडली. सगळं सांगून झालं की मगच लाथ. तीही अशी मापात बसायची की म्हातारा 'आयायाया' करत उठायचा आणि थोड्या वेळाने खरोखरच सरळ चालायचा.

मी एकदा विचारलं, "आत्या, लाथेने बरं होतं का खरंच?"

"छ्या! पडून ऱ्हायल्यानं व्हतं. पर गावाला लाथ मारायला मिळतीया, ती मी का सोडू?"

अशा रीतीने तिने तिच्या जन्माआधीची वादळंसुद्धा गोळा केली होती. नियम कडक. एकाने सांगितलं तर ती गोष्ट, वेगवेगळ्या दोघांनी वेगवेगळ्या दिवशी तेच सांगितलं तर ती साक्ष. गोष्ट पेन्सिलीने, साक्ष शाईने. मग ती पानं शेजारी शेजारी अंथरून बसायची. मांडव उडाला ते वादळ, मेंढरं मेली ते वादळ, शाळेचे पत्रे गेले ते वादळ. काय सारखं, काय वेगळं. त्यातून तिला तीन गोष्टी सापडल्या होत्या: दोन-तीन दिवस कडक तापलेली जमीन, पोट भरलेली हवा, आणि खाली उगवतीचं वारं असताना वरचे ढग मावळतीकडून येणं. "दोन बैल दोन बाजूला वडाय लागले की जू मोडनारच," ती म्हणायची. "एकट्यादुकट्यानं काय व्हत न्हाई. तिन्ही एकत्र आले की तीन तिगाडा, काम बिगाडा." मग ढग उंच चढतो आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. तो पसरला की ती शाळा उघडायची आणि माळावरच्या लोकांना हाका मारत सुटायची.

मी तिला मोबाईलवरचे इशारे दाखवायचो. ते ती बघायची, नाकारायची नाही. "बरूबर हाय त्याचं. पर मोबाईल जिल्ह्याचं सांगतो. जिल्हा केवडा, माझं गाव केवडं! ह्या टोकाला अकोल्याला पडला तरी तो खरा, त्या टोकाला जामखेडला पडला तरी खराच. रुमाल माझ्या अंगनाचं सांगतो."

दुसरी वही मी बरेच दिवस उघडली नव्हती. पहिलीचाच पुढचा भाग असेल असं वाटलं. एकदा चाळली तर तिच्यात तेच रकाने, पण शेवटी प्रत्येक पानावर एकच वाक्य: 'आलं नाही.' ऊन होतं, दमट होतं, ढग चढला होता, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या होत्या, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखले होते. आलं नाही.

"जे झालंच नाही ते कशाला लिहायचं?" मी म्हणालो. गावात सगळे हेच म्हणून हसायचे.

 तिने हातातला झारा खाली ठेवला. "ए पदवी, नीट ऐक. मला पायाळू कशी ठरीवली? म्या हुते आन् वीज पडली, ते एकदा घडलं, ते लक्षात ठिवलं. म्या हुते आन् पडली न्हाई, आसं किती येळा झालं? त्येचा हिशेब कुनी ठिवला? घडलं तेवडंच लिवलं, तर माझ्यात आन् देवरुशात फरक काय ऱ्हायला?"

मी ती वही खाली ठेवली ती दोन्ही हातांनी.

तिच्या चुकाही त्याच वहीत होत्या. एका लग्नात तिने ऐरणीचा माथा बघून जेवणाची पंगत अर्ध्यावर उठवली आणि शे-दोनशे माणसं शाळेत कोंबली. बाहेर चार थेंब पडून ऊन आलं. नवरदेवाच्या बापाने सगळ्यांसमोर हात जोडून विचारलं, "आता येऊ का बाहेर, आत्याबाई?" सगळे पोट धरून हसले. आत्या घरी गेली आणि तिने लिहिलं, 'आलं नाही. वरचं वारं बघितलं नव्हतं. चूक माझी.' दुसऱ्या दिवशी तो बाप चिडवायला आला तेव्हा तिने त्याला ते पान उघडून दाखवलं. "हे बघ, लिवलंय. तुजी एकतरी चूक कुटं लिवून ठिवली आसंल तर आन, दोघं बसून वाचू." तो आल्या पावली परत गेला.

ही सगळी उठाठेव ती कशासाठी करते, हे मला सुनंदाच्या प्रकरणात कळलं.

सुनंदा गावात नवी लग्न होऊन आलेली. भामाबाईच्या टोळीत कांदे काढायला जायची. भामाबाई टोळीची मुकादम: ठेंगणी, आवाजाने खणखणीत, शेतात कुणाला कुठली ओळ द्यायची ते तीच ठरवायची. एका दुपारी वळीव आला, बाया गोठ्यात शिरल्या, आणि जळक्या लिंबाला बांधलेली भामाबाईची गाभण गाय विजेने गेली. त्याच आठवड्यात सुनंदाची आई लेकीला भेटायला आली आणि बोलता बोलता बोलून गेली, की पोर पायाळू आहे. झालं. बायांनी सांगितलं, ती असेल तर आम्ही नाही. भामाबाईने तिला टोळीतून काढलं. सासू म्हणायला लागली, पावसाळ्याआधी हिला माहेरी धाडू.

आत्याला ते कळलं तेव्हा मी तिथेच होतो. ती चुलीपुढे बसली होती. लाकूड मागे ओढलं, विझवलं आणि म्हणाली, "माझ्या येळंला कुनाकडं वही न्हवती."

पुढच्याच ग्रामसभेत ती दोन्ही वह्या काखोटीला मारून उभी राहिली. सरपंच म्हणाले, "आत्या, हा विषय विषयपत्रिकेवर नाही."

"वीज काय इषयपत्रिका बघून पडती व्हय?" ती म्हणाली आणि वाचायला लागली.

तिने चार पानं वाचली. पहिलं वादळ मेंढरांचं, तिच्या आजाच्या लहानपणीचं, शाईने लिहिलेलं: मेंढरं जळक्या लिंबाखाली मेली. दुसरं, तिच्या आईबापाच्या लग्नाच्या साली: वीज जळक्या लिंबावर. तिसरं दत्तूचं. चौथं गाईचं. चारही वेळा जमीन तापलेली, हवा भरलेली, वारी आमनेसामने. चारही वेळा तो उघड्या टेकाडावरचा एकटा उंच लिंब.

"पयल्या दोन येळा मी जन्मले न्हवते," ती म्हणाली. "सुनंदाची आय बी जन्मली न्हवती. तवा पायाळू कोन हुतं? हात वर करा. आन् त्या झाडाला जळका म्हनतात ते कवापासनं? माझ्या आज्याच्या तोंडात हुतं ते नाव. झाड आदीचं जळल्यालं, मी मागनं जन्मले, आन् जाळलं म्हनं म्या!"

कुणी हात वर केला नाही. एक जण म्हणाला, मग झाडच तोडू. आत्या त्याच्यावर उसळली. "झाडाचा काय गुन्हा? ते उंच जन्मलं, मी उलटी जन्मले. जो येगळा जन्मंल त्येला तोडा, हेच येतं का तुमाला? चुन्याचा पट्टा मारा आन् पावसात खाली थांबू नका, संपलं. आन् उलट्या जन्माचं लई वाटत आसंल तर एक सांगते. तुमा समद्यांना शेवटी पाय म्होरं करूनच घराभायेर न्हेनार हायेत. मी येताना तशी आले, तुमी जाताना जाल."

सभा हसली. हसू ओसरल्यावर भामाबाई पदर खोचत उठली. "गाय माझी मेलीय, आत्या. वही वाचून वीज थांबत न्हाई. माझ्या टोळीत सोळा बाया हायेत, त्यांच्या लेकराबाळांचं मी बघायचं का तुजी वही?"

तिच्या बोलण्यातही खोट नव्हती. ती घाबरली होती आणि सोळाजणींसाठी घाबरली होती. सरपंचांनी चहा मागवला आणि विषय तिथेच राहिला. चुन्याचा पट्टा तेवढा मारला गेला, तोही आत्याने आणि मी.

पंधरा दिवसांनी, कांदा काढणी ऐन भरात असताना, रुमाल वाळेना. दोनला टाकलेला चारला ओला. खाली उगवतीचं वारं, वर ढग मावळतीकडून. आत्या शाळेकडे निघाली, जाता जाता सुनंदाच्या दारात थांबली आणि तिला हाताला धरून बरोबर घेतलं. "पत्र्याच्या घरात एकली बसू नगं. चल." मीही निघालो. पलीकडच्या शेतातून भामाबाईची टोळी पळत येत होती, कारण आता ऐरणीचा माथा त्यांनाही दिसत होता. धुळीचा लोट उठला. सगळ्या शाळेच्या दारात येऊन थांबल्या आणि सुनंदाला पाहून तिथेच अडल्या.

"तिला दुसऱ्या खोलीत घाल," भामाबाई ओरडली.

"खोली एकच हाय. दुसरीचा सल्याब गळतो."

"मंग तिला देवळात पाठीव!"

आत्याने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. मी तिला चिडलेली पुष्कळदा पाहिली होती, पण तेव्हा ती चिडली नव्हती. अगदी सावकाश बोलली. "त्या वसरीवर मी लई बसलीया. आता तिथं कुनी बसायचं न्हाई. हे कुलूप मी उघडनार, आन् पयलं पाऊल सुनंदाचं पडनार. मागनं मी, दुसरी पायाळू. ज्येला दोन पायाळूंसंगं बसायचं न्हाई त्येनं जळका लिंब गाठावा. पट्टा मारलाय, सापडंल."

मोठा गडगडाट झाला. सुनंदा रडत होती, आत जायला तयार नव्हती. आत्याने कुलूप काढलं आणि तिला खांद्याला धरून आत लोटलं. मग आत्या आत गेली. मी गेलो, पूर्ण पाऊल टाकून. सोळाजणी दारात. पावसाचा पहिला सपका आला, गारा आजूबाजूच्या घरांच्या पत्र्यांवर वाजायला लागल्या, आणि भामाबाईने तोंडाने काहीतरी पुटपुटत एकेकीला आत ढकललं. सगळ्यात शेवटी ती स्वतः आली.

अर्धा-पाऊण तास आम्ही बसून होतो. आत्याने सगळ्यांना पाय जवळ घेऊन, भिंतींपासून दूर बसायला लावलं. विजा चमकत होत्या, पोरीबाळी देवाचं नाव घेत होत्या. वीज कुठेतरी पडलीही असेल. गावात, लिंबावर, आमच्यावर, कुठेच पडली नाही. पाऊस थांबला तेव्हा बाहेर गारांचा पांढरा थर होता आणि खोलीत वीस माणसं जिवंत होती.

"लिव रं बाबा," आत्या मला म्हणाली. "पायाळू दोन, एका खोलीत. वीज: पडली न्हाई."

भामाबाई पदराने तोंड पुसत म्हणाली, "म्या मानलं न्हाई हां, आत्या."

"नगं मानू. उद्या तिला वळ दे."

दुसऱ्या दिवशी सुनंदाला कांद्याची ओळ मिळाली, भामाबाईच्या ओळीला लागून. कुणी विचारलं तर भामाबाई सांगायची, "माझ्या डोळ्याम्होरं असलेली बरी." माहेरी धाडायचं बोलणं पुन्हा निघालं नाही. पुढे संध्याकाळी सुनंदा आत्याकडे यायला लागली, आणि रुमाल पिळायला आत्याच्या मनगटात जोर राहिला नाही तेव्हा तो तीच पिळायची.

माझी बदली राजूरला झाली. तिथे पावसाळाभर डोंगर धुक्यात बुडालेले असतात. आत्या फोनवर दर वेळी पहिला प्रश्न एकच विचारायची, "तिकडं वाळतो का रं रुमाल?" मी म्हणायचो, चार महिने वाळत नाही. त्यावर ती खूश होऊन हसायची. "मंग तिथं माझं काय काम न्हाई!"

गेल्या उन्हाळ्यात सुनंदाचा फोन आला. आत्याला चार दिवस ताप होता, पहाटे झोपेतच गेली. मी मोटारसायकल काढली आणि दुपारी अडीचच्या सुमारास पोचलो. तिरडी बांधून तयार होती, आणि लोक आभाळाकडे बघत उभे होते. मावळतीला ढग चढला होता. त्याचा माथा पसरून ऐरणीसारखा झाला होता.

एक म्हातारा म्हणाला, "आज नगं. सकाळी न्हेऊ. पायाळूचं मढं, नदीकाठ समदा उघडा, वर हे आसं. खांदा देनाऱ्यांचा इचार करा." हा तोच, ज्याच्या पाठीवर आत्याने तीनदा तरी लाथ घातली होती. खांदेकऱ्यांपैकी दोघे मागे सरकले. मला राग आला, पण मी काय सांगणार होतो? ढग तर खराच होता. उघड्यावर माणसं न्यायची जोखीम आत्यानेही घेतली नसती.

सुनंदा अंगणात तारेपाशी उभी होती. घरात प्रेत असताना तिने दोन वाजता रुमाल धुऊन टाकला होता. कुणी बोललं असेल तर तिने ऐकलं नव्हतं. तिने रुमालाचे चारही कोपरे चिमटीत धरून पाहिले, घड्याळ पाहिलं, मग मूठभर माती वर उडवून ती कुठे जाते ते पाहिलं.

"वाळला," ती म्हणाली. "अर्धा तास बी लागला न्हाई. हवा उपाशी हाय, खालचं वारं बी मावळतीचंच हाय. तिघातला एकच आलाय. न्हाई येनार."

कुणी हललं नाही. तेव्हा उंबऱ्याशी बसलेली भामाबाई उठली. तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र तोच.

"ऐकू आलं न्हाई का? न्हाई येनार म्हनली ती! जित्तेपनी तिला वसरीवर बसवली, आता मेल्यावर बी बसवता? उचला. न्हाईतर मी लावते खांदा."

त्यांनी उचललं. पाय पुढे करून आत्या घराबाहेर निघाली, सगळे जातात तशीच. नदीकाठी एकही झाड नाही. आम्ही त्या ढगाखाली उभे राहिलो, चिता पेटली, आणि ढग आमच्या डोक्यावर काळा झाला, थोडा गुरगुरला, आणि हळूहळू विरत विरत उत्तरेला निघून गेला. एक थेंब पडला नाही.

आंघोळ करून आलो तर भामाबाई अंगणात पेटी उघडून बसली होती. तिला वाचता येत नाही, पण दुसरी वही तिने बरोबर काढली होती. "लिव," तिने ती माझ्या पुढ्यात टाकली. सुनंदा सांगत गेली, मी लिहीत गेलो. ऊन, रुमाल, वारं, ढगाचा माथा. वादळ: आलं नाही. वीज: पडली नाही. शेवटच्या रकान्यावर माझा हात थांबला.

"काय ऱ्हायलं?" भामाबाईने विचारलं.

"'मी कुठे होते,'" मी म्हणालो.

तिने नाक ओढलं, पदर डोक्यावर घेतला आणि मारुतीच्या देवळाकडे बघत म्हणाली, "लिव. उघड्यावर."